कोंडलेल्या माणसाला तारीख द्या

प्रति,
पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतील सर्व आमदार व खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भाट्याची. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. रत्नागिरीतल्या मुलांना ‘स्थानबद्ध’ या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. सहलीला थिबा पॅलेसला नेलं की एखादा पोरगा हमखास विचारतो, ‘बाई, राजा होता तर परत का नाही गेला?’ जाऊ दिलं नाही, असं मी सांगायची. मग दुसरा विचारायचा, ‘किती वर्षांची शिक्षा होती?’ तिथे मी अडायची. शिक्षा अशी नव्हतीच. खटला नव्हता, निकाल नव्हता आणि मुदतही नव्हती.

नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडलं. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा, राणी सुपयालत आणि त्यांच्या लहान मुलींना आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणून ठेवलं. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो वाडा उभा राहिला १९१० मध्ये, म्हणजे राजाला इथे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधी आपल्या शहरात आहे. राणीला ब्रह्मदेश पुन्हा दिसला तो १९१९ मध्ये, नवऱ्याला इथल्या मातीत ठेवून. थिबा पॉइंटवर संध्याकाळी उभं राहिलं की खाली आमची भाट्याची खाडी दिसते, समोर समुद्र. तीस वर्षं हा माणूस ते पाणी बघत होता, आणि आपल्याला आणखी किती दिवस बघायचंय हे त्याला एकदाही कुणी सांगितलं नाही.

याच गावातले दुसरे स्थानबद्ध तुम्हां सर्वांच्या भाषणांत असतात. स्वातंत्र्यवीर सावरकर जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचं नाही. मुदत पाच वर्षांची. ती संपत आली की सरकार वाढवायचं. अट उठली १९३७ च्या मे महिन्यात. पाचाची तेरा वर्षं झाली. दर वेळी वाढलेल्या मुदतीचा संताप आपण शाळेत शिकवतो, आणि शिकवायलाच हवा.

माझं पत्र त्या मुदतीबद्दलच आहे.

२०२५ मध्ये देशात परदेशी नागरिकांबद्दलचा जुना १९४६ चा कायदा जाऊन नवा आला. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे. त्याआधी मे महिन्यात केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवलं होतं की संशयित घुसखोरांची पडताळणी तीस दिवसांत करा आणि त्यांना ठेवण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात जागा करा. म्हणजे हा प्रश्न आता आसामचा किंवा दिल्लीचा राहिलेला नाही. २०१९ मध्ये नेरुळला अशा केंद्रासाठी जागा मागितल्याची बातमी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. आता तेवढीही चर्चा होत नाही. चर्चा होते ती जेटीवर, चहाच्या टपरीवर, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि ती दोन शब्दांतच संपते. कुणी म्हणतो घुसखोर, कुणी म्हणतो निर्वासित. एकदा शब्द निवडला की माणसं पुढचं ऐकतच नाहीत.

मी या किनाऱ्यावर वाढले आहे, तेव्हा सुरक्षेचं मला कुणी समजावू नये. १९९३ मध्ये रायगडातल्या शेखाडीला समुद्रातून कसली स्फोटकं उतरली आणि त्यांनी मुंबईत काय केलं, हे आम्ही विसरलेलो नाही. २६/११ नंतर आमच्या खलाशांना ओळखपत्रं आली, बोटींना रंग ठरवून दिले, गावागावात सागर सुरक्षा दलं झाली. २०२२ च्या ऑगस्टात हरिहरेश्वरला वाहून आलेल्या होडीत तीन एके-४७ सापडल्या तेव्हा त्या रात्री इथल्या घराघरांत लोक जागे होते. परक्या माणसाचे कागद तपासा. कसून तपासा. चिरेखाणीवर, बोटीवर, आंब्याच्या बागेत कोण काम करतंय हे पोलिसांना माहीत असलंच पाहिजे. त्यावर माझा आक्षेप नाही. कागद तपासून झाल्यावर, किंवा तपासायच्याही आधी, कुलूप लावलेल्या खोलीत त्या माणसाचं काय होतं, एवढंच मी विचारते आहे.

हे विचारायला मला कारण आहे.

माझा धाकटा भाऊ आखातात वेल्डर होता. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात किंवा जहाजावर, तसाच तोही. मालकाने विमानतळावरच पासपोर्ट काढून घेतला. दोन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, आठ महिन्यांचा पगार थकवला. भावाने तिथून निघून दुसरीकडे काम धरलं, आणि त्या दिवसापासून तो त्या देशात बेकायदेशीर झाला. २०१३ मध्ये तिकडे धरपकड सुरू झाली तेव्हा तो रस्त्यावर सापडला. नेलं ते थेट परदेशी लोकांना देशाबाहेर काढण्यापूर्वी ठेवतात त्या ठिकाणी. आखातात राहून आलेली आपली माणसं त्याला ‘तरहील’ म्हणतात. कोकणात असा एक तालुका नाही जिथे हा शब्द माहीत असलेलं माणूस सापडणार नाही.

तो आत होता ७१ दिवस. मार नव्हता. जेवण होतं, खुब्जची भाकरी आणि डाळ. झोपायला आळीपाळीने जागा. हे सगळं तो अजूनही सहज सांगतो. एकच गोष्ट सांगताना गप्प होतो. रोज सकाळी पहारेकऱ्याला विचारायचं, कधी? आणि तो म्हणायचा, ‘बुक्रा.’ उद्या. एकाहत्तर सकाळी बुक्रा. त्याच्या बाजूला चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला एक जण होता, शिक्षा संपवून परत पाठवायला आणलेला. तो म्हणायचा, तुरुंगात बरा होतो मी, तिथे भिंतीवर रेघा मारता येत होत्या.

इकडे आई. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असतं, तुमच्याही असेल. दूधवाल्याचा खाडा, बोट किनाऱ्याला कधी लागणार, कुणाचं लग्न, गॅस कधी लावला, सगळं आई त्याच्यावर पेन्सिलीने लिहायची. त्या तीन महिन्यांत तिने काही लिहिलं नाही. गणपती आले नि गेले, त्या पानावरही काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्याची तारीख कळू दे, मग लिहीन. आतल्या कुणाच्या तरी लपवलेल्या फोनवरून आठवड्याने एकदा त्याचा आवाज यायचा. आई त्याला ‘कसा आहेस’ असं विचारायचीच नाही. पहिलं वाक्य तेच: ‘तारीख दिली काय?’

शेवटी एका मल्याळी समाजसेवकाने आत असलेल्या भारतीयांची यादी करून वकिलातीत नेऊन दिली. आउटपास, म्हणजे पासपोर्ट नसलेल्याला मायदेशी परतायला मिळतो तो कागद, निघाला आणि भाऊ आला. तेव्हापासून मी मनाशी एक धरून आहे: कुणीतरी नावांची यादी केली आणि ती बाहेर नेली, म्हणून माझा भाऊ परत आला.

आता त्या माणसाचा विचार करा ज्याला कुठलीच वकिलात आउटपास देणार नाही. रोहिंग्यांचं, म्हणजे म्यानमारातल्या (आपल्या जुन्या ब्रह्मदेशातल्या) मुस्लिम अल्पसंख्याकांचं, नेमकं तेच आहे. म्यानमारने १९८२ च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्वच नाकारलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या लष्कराच्या कारवाईनंतर सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. रत्नागिरीकरांना एक आठवण करून देते. डिसेंबर २०१६ मध्ये थिबा राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा समाधीपाशी झालेल्या सोहळ्याला म्यानमारचे उपराष्ट्रपती आले होते आणि लष्करप्रमुख मिन आँग लाईंगही आले होते. वनवासात मेलेल्या राजासाठी त्यांनी आपल्या गावात डोकं टेकवलं. पुढच्या वर्षी त्यांच्याच लष्कराने लाखोंना वनवासाला लावलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मिन आँग लाईंग यांच्या अटकेचं वॉरंट मागितलं आहे.

तिथून पळालेले काही हजार लोक भारतात आहेत. आपल्या देशाने निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्या कायद्याला ‘निर्वासित’ असा वेगळा माणूस दिसत नाही. दिसतो फक्त परदेशी, कागद असलेला किंवा नसलेला. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना धरून हिरानगरच्या तुरुंगात ठेवलं आणि त्या तुरुंगाला होल्डिंग सेंटर म्हटलं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडायला नकार दिला, पण ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय देशाबाहेर पाठवायचं नाही असंही सांगितलं. पाठवणार कुठे? म्यानमार घेत नाही. मग माणूस आतच. लहान मुलांसकट. २०२३ च्या जुलैत त्यांनी सुटकेसाठी आतच निदर्शनं केली, तेव्हा अश्रुधूर सोडावा लागला. दोन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवलेल्या आणि कसलीही शिक्षा नसलेल्या माणसांनी दुसरं काय करायला हवं होतं, हे मला कुणी सांगावं.

काही जण म्हणतील, आम्ही सोडलं तर पळून जातील. या प्रश्नाचं उत्तर सरकारच्याच कागदात आहे. निर्वासित असल्याचं सांगणाऱ्या परदेशी लोकांसाठी केंद्रीय गृहखात्याने २०११ च्या डिसेंबरात राज्यांना एक कार्यपद्धती पाठवली होती. माणसाचं म्हणणं तपासा, जिवाची भीती खरी वाटली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची शिफारस करा. तसं वाटलं नाही तर परत पाठवायची तजवीज करा. आणि सहा महिन्यांत परराष्ट्र खात्यामार्फत काही निष्पन्न झालं नाही, तर बोटांचे ठसे वगैरे घेऊन, स्थानिक जामीनदार घेऊन, दर महिन्याला पोलिसांकडे हजेरीच्या अटीवर त्याला बाहेर सोडा. सहा महिने. कुणा मानवाधिकारवाल्याने नाही, गृहखात्याने लिहिलेले. रत्नागिरीकराला तर ही अट ओळखीची वाटायला हवी: ठरलेल्या हद्दीत राहायचं, पोलिसांची नजर राहील, पण माणूस स्वतःच्या चुलीवर जेवेल आणि त्याचं पोर शाळेत जाईल.

न्यायालयांनीही हे सांगून झालं आहे. आसामात परदेशी ठरवून डांबलेल्यांना तीन वर्षं झाली असतील तर अटींवर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये म्हटलं, आणि कोरोनात एप्रिल २०२० मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोलपाडा जिल्ह्यातल्या मातिया केंद्रातल्या ६३ जणांचा विषय निघाला. आसाम सरकार म्हणालं, यांचे परदेशातले पत्ते ठाऊक नाहीत म्हणून पाठवता येत नाही. न्यायमूर्ती अभय ओक, आपल्या ठाण्याचे, त्यांनी विचारलं, कसल्या मुहूर्ताची वाट बघताय? परदेशी ठरले तर पाठवा, पण कायमचं डांबून ठेवता येणार नाही. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात ‘नागरिक’ असा शब्द नाही, ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. नववीच्या वर्गात मी तो फळ्यावर लिहायची आणि मुलांना विचारायची, यात थिबा राजा बसला असता का? बसला असता, सगळे एका सुरात सांगायची.

परदेशातलं एकच उदाहरण देते, कारण ते समुद्राचं आहे. ऑस्ट्रेलिया १९९२ पासून कागदांविना आलेल्या माणसाला सरसकट डांबतो. २००१ च्या ऑगस्टात बुडत्या होडीतून ४३३ जणांना वाचवणाऱ्या ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या जहाजाला त्यांनी किनारा दिला नाही. त्या माणसांपैकी बऱ्याच जणांना पुढे नाउरू नावाच्या बेटावर नेऊन ठेवलं. पाण्यातला माणूस आधी वर घ्यायचा आणि मग त्याचं नाव विचारायचं, हे आमच्याकडे खलाशाच्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्या कप्तानाने तेच केलं होतं. त्याच देशात कोर्टाने २००४ मध्ये म्हटलं होतं की ज्याला घ्यायला कुठलाच देश तयार नाही त्याला जन्मभरही डांबता येतं. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो निकाल फिरवला. अर्जदार म्यानमारचा रोहिंग्या होता. त्याने गंभीर गुन्हा केला होता आणि त्याची शिक्षाही भोगून झाली होती, हे मी लपवत नाही. तो माणूस चांगला होता म्हणून कोर्टाने निकाल दिला नाही. शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम आहे, सरकारने न संपणारी कोठडी देऊन ते स्वतःकडे घ्यायचं नाही, असा तो निकाल आहे.

आणि घाईचं काय होतं तेही आपल्याच दारात घडलं आहे. जून २०२५ मध्ये मीरा रोडहून उचललेला बांधकामावरचा एक मजूर थेट बांगलादेशाच्या हद्दीत ढकलला गेला. तो मुर्शिदाबादचा निघाला, भारताचा नागरिक. पश्चिम बंगाल सरकारने कागद पुढे केल्यावर त्याला परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीहून पाठवलेली एक गरोदर बाई डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर, परत आली. म्हणजे एकीकडे वर्षानुवर्षं तारीख नाही आणि दुसरीकडे पडताळणीला दिलेले तीस दिवसही धड दिले जात नाहीत. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट गहाळ आहे. कुणाला कधी धरलं, कुठे ठेवलं, कुणाच्या सहीने हलवलं, याची बाहेरच्या माणसाला बघता येईल अशी नोंद नाही.

याहून भयंकर आरोप ८ मे २०२५ च्या रात्रीचा आहे. दिल्लीतून धरलेल्या सुमारे चाळीस रोहिंग्यांना अंदमानला नेऊन, नौदलाच्या जहाजातून, लाइफ जॅकेट देऊन म्यानमारच्या किनाऱ्याजवळ पाण्यात उतरवलं, असा तो आरोप. संयुक्त राष्ट्रांच्या म्यानमारविषयक विशेष प्रतिनिधींनी चौकशी सुरू केल्याचं १५ मे रोजी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने या कथनावरच शंका घेतली आणि पुरावा विचारला. खरं काय ते मी ठरवू शकत नाही. पण मी समुद्राकाठची बाई आहे. वडील वेळेत परतले नाहीत त्या रात्री आईबरोबर किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी राहिले आहे. तो आरोप वाचून माझे हात गार पडले. खोटा असेल तर सरकारने चाळीस नावांची नोंद दाखवावी: हे आज इथे आहेत, या तारखेपासून. एका कागदाने तोंडं बंद होतील. तो कागद नाही म्हणून प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

तुमच्यावर आरोप करण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. मला तुमच्याकडून एक काम हवं आहे, आणि ते करायला तुम्हाला पक्ष बदलावा लागणार नाही की निर्वासितांच्या बाजूचे आहात असं जाहीर करावं लागणार नाही.

येत्या अधिवेशनात विधानसभेत आणि विधान परिषदेत तारांकित प्रश्न लावा. पाच जिल्ह्यांत परदेशी असल्याच्या संशयावरून किंवा परदेशी ठरवून आज किती माणसं कोंडलेली आहेत? त्यांत बायका किती, मुलं किती? प्रत्येकाला कोणत्या तारखेला आत घेतलं? सहा महिन्यांवर किती जण आहेत, आणि त्यांच्या बाबतीत २०११ ची कार्यपद्धती पाळली का? किती जणांना वकील मिळाला, आणि त्यांची भाषा येणारा दुभाषी कितींना मिळाला? गेल्या वर्षभरात जिल्ह्याबाहेर हलवलेल्यांची नावं कुठल्या वहीत आहेत? खासदारांनी हेच लोकसभेत आणि राज्यसभेत विचारावं. उत्तर छापील येतं, आकड्यांत येतं, आणि मंत्र्यांना ते सभागृहात द्यावं लागतं. मला तेवढं पुरे.

शिवाय, ज्या जिल्ह्यात अशी जागा असेल तिथे प्रत्येक माणसाच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत, एक कागद द्यायला लावा. त्यावर आत घेतल्याची तारीख, पुढच्या सुनावणीची तारीख आणि सहा महिने कधी पुरे होतात ती तारीख, तीनच ओळी. याला निधी लागत नाही. आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची याहून मोठी नोंद रोज होते.

माझी आई आता ८३ वर्षांची आहे. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. रोहिंग्या म्हणजे कोण ते तिला सांगावं लागलं, ब्रह्मदेशाचे म्हटल्यावर ‘थिबाच्या गावचे’ म्हणाली. मग तिने विचारलं, त्यांच्यात कुणाची आई असेल ना बाहेर?

आहेत. बऱ्याच जणींची मुलं आत आहेत.

प्रश्न लावाल तेव्हा त्याचा क्रमांक आणि सभागृहात तो कोणत्या दिवशी येणार आहे ते कळवावं, ही विनंती.

आपली,
भाट्ये, ता. जि. रत्नागिरी येथील एक मतदार आणि निवृत्त शिक्षिका